नक्कल

केवळाबाई सटवाजी भिसे, वय अंदाजे सत्तर.
फाइल जाडजूड, दोनदा टाचलेली,
कोपरा उंदराने चाखून सोडलेला.
मरून आठ महिने झाले
आणि आता तिला भेटायला गर्दी.

पहिला अर्ज धाकट्याचा, वकिलाच्या कागदावर:
अकरा तारखेला आई शुद्धीवर होती, तसा पुरावा द्यावा.
दुसरा मधल्याचा, दुसऱ्या वकिलाचा:
अकरा तारखेला आई शुद्धीवर नव्हती, तसा पुरावा द्यावा.
अंगठा त्याच दिवशीचा. पूर्णेच्या काठची सव्वादोन एकर.
तिसरं पत्र विमा कंपनीचं, पुण्याहून.
ती आधीपासून किती आजारी होती, एवढंच त्यांना हवंय.

परभणीत मे महिन्यात रेकॉर्डरूमचा पत्रा बोलतो.
मी ओला रुमाल मानेवर टाकून पानं मोजतो.
आमच्या घरी तीन पिढ्या निकाहनाम्यांची वही होती.
अब्बा म्हणायचे, कुणाचंही पान उघडताना
शेजारचं पान हाताने झाकायचं.
परिपत्रकात हे नाही.
परिपत्रकात आहे: ओळखपत्र, नात्याचा पुरावा,
बहात्तर तास, पानाला दोन रुपये.

भावांना अकरा तारखेचा एकच कागद दिला,
दोघांनाही तोच:
"रुग्ण हाकेला ओ देते. मधूनच असंबद्ध."
मुंजाजी म्हणाला, हे बघा, ओ देते.
बालासाहेब म्हणाला, हे बघा, असंबद्ध.
दोघं खूश होऊन गेले.
उन्हामुळे एकाच रिक्षात बसले.

मग जिंतूरच्या गाडीने चतुराबाई आली.
वकील नाही. पिशवीत भाकर आणि आधार कार्ड.
"मला पुरी फाईल द्या, साहेब. मव्ही माय हाय ती."
हक्क होता तिचा. मी पुरी फाइल चाळायला घेतली.

सदतिसावं पान. मागच्या भरतीचं,
कुण्या शिकाऊ डॉक्टरने वेळ काढून विचारलेलं.
बाळंतपणं चार.
पहिलं लग्न चौदाव्या वर्षी, मोडलं.
एक मुलगी, बापाकडेच राहिली.
नंतर पाट.
आणि खाली, बारीक अक्षरात:
लेकरांना सांगू नका म्हणते.

मेलेल्या माणसाचं 'सांगू नका'
किती दिवस चालतं,
मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, वर लिहू.
वर लिहिलं. वरून अजून काही आलेलं नाही.

मी बाहेर येऊन म्हणालो, बाई, नेमकं काय पाहिजे?
अर्जात मोकळी जागा आहे, तिथं नेमकं लिहा.
ती बराच वेळ पेन धरून बसली.
मग पेन माझ्याकडे सरकवला. तुम्हीच लिव्हा.
"शेवटच्या रातीला माय काय बोलली, तेवढंच.
मी पोचायच्या आत गेली."

तेवढंच म्हणजे एक पान. नर्सचं तिरपं अक्षर:
दोन दहा. रुग्ण पाणी मागते. दोन चमचे दिले.
दोन चाळीस. रुग्ण 'थोरले, ये गं थोरले' अशी हाक मारते.
तीन पाच.
त्याच्यापुढे रिकामं.

तिने ते दोनदा वाचायला लावलं.
तिसऱ्यांदा स्वतःच म्हणून बघितलं,
ये गं थोरले,
मग पदर तोंडाला लावला.
"थोरली म्हंजी मीच की, साहेब.
मलाच बोलवत व्हती."

मी शाईची पेटी उघडली.
शिक्का कोरडा, दोनदा दाबावा लागला.
सत्यप्रत.
दोन रुपये झाले, म्हणालो.
तिने दहाची नोट दिली, माझ्याकडे सुटे नव्हते.
तिला साडेचारची गाडी गाठायची होती.

वहीत नोंद आहे: आठ रुपये देणे,
केवळाबाई भिसे यांची मुलगी, जिंतूर.
थोरली, असं लिहायला घेतलं होतं.
मग फाइल उचलून शिडीवर चढलो.