फाटक नंबर एकेचाळीस

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
छातीच्या खाली, पोटाच्या तोंडाशी
एक फाटक असतं, बावणेजी.
घास आला की उघडतं, गेला की मिटतं.
तुमचं नीट मिटत नाही.

मी हसलो.
बावीस वर्षांत माझं एकही फाटक
गाडीच्या वेळेला उघडं राहिलेलं नाही,
डिव्हिजनला विचारून घ्या.

त्या हसल्या नाहीत. वय असेल सत्तावीस.
आरोग्य केंद्राच्या खिडकीला ओला टॉवेल,
त्यातून येणारा वारासुद्धा आजारी.
रात्री काय खाता?
भाकर, झुणका. कधी भेदराची चटणी.
आणि?
मग सांगावंच लागलं.

पोरगी नागपूरला एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसते.
एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवते
काळं चॉकलेट, सत्तर टक्के.
पपा, हार्टले चांगलं असते. रोज एक तुकडा खात जा.
माझा बाप चोपन्नाव्या वर्षी गेला.
मला त्रेपन्नावं लागलंय.
तिनं हे बोलून दाखवलं नाही,
चॉकलेट पाठवलं.

पहिला तुकडा थुंकून दिला होता,
काढ्यात गूळ घालायचा राहून जावा तसा.
मग लागली चव.
रात्री दोनची मालगाडी गेली की
जिभेवर ठेवायचा, दात लावायचा नाही.
डोळे टक्क. जागरणाला चहाहून बरं.

आणि तीनच्या सुमारास
बरगडीमागे चुलीचा जाळ,
आंबट पाणी थेट गळ्यापर्यंत,
लाल दिवा न जुमानता
कोणी ट्रॅक्टर घुसवावा तसं.
भोजराज कीमन म्हणे,
ओवा खाय, काळं मीठ खाय,
आन् थे मेणबत्ती खानं बंद कर.

बाईंनी औषधाच्या खोक्यावर आकृती काढली.
चॉकलेटानं हे फाटक सैल पडतं.
त्यात चरबी, म्हणून पोटात मुक्काम लांबतो,
त्यात चहासारखं जागवणारंही काही.
मग हृदयाला चांगलं, हे खोटं?
खोटं नाही. थोडं खरं आहे.
तुकड्याएवढंच.

हृदय आणि पोट, मध्ये वीतभर अंतर.
आमच्या गावात झाडे बंधूंची घरं एवढीच लांब,
एकाकडे जेवलं की दुसरा रुसतो.

मे महिना. केबिनवर पत्रा.
चॉकलेट माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात,
तरी दुपारी पन्नीत पातळ होतं,
पहाटे थिजतं, वर पांढुरकी साय धरतं.
बिघडलं नाई पपा, फक्त चरबी वर येते.
हे तिला दुकानात शिकवलंय.
गार्ड नावाचं कुत्रं पन्नी चाटायला येतं.
त्याला देत नाही, कुत्र्याला ते विष,
हेही बाईंनीच सांगितलं.
अर्धी भाकर टाकतो. तो भाकर खातो
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

दिवसा खा, जेवण झाल्यावर, एकच,
आणि तीन तास आडवं व्हायचं नाही.
बाईंना सांगायचं राहिलं
की दिवस ही माझी रात्र आहे.
मग मीच वेळापत्रक लावलं:
संध्याकाळी पाच, ड्युटीच्या तीन तास आधी,
तुरीचं वरण-भात, वर तुकडा,
मग शेताच्या धुऱ्यानं पायी केबिनपर्यंत.

पपा, खाल्लं?
खाल्लं.
जळजळीचं तिला काही बोललो नाही.

दोन वाजून दहा. फोन खणखणतो.
एकेचाळीस, गाडी सोडली.
हँडल फिरवतो. फाटक उतरतं.
पलीकडे एक मोटरसायकल थांबते,
मागची बाई पुढच्याच्या पाठीवर झोपलेली.
कोळशाचे डबे मोजतो,
काळे, चौकोनी, एकोणसाठ.
आज गळ्याशी काही येत नाही.

तरी एकदा गिळून बघतो.