किंवा

गुरुवारच्या पाठाची टिपणं मी बुधवारीच लिहून ठेवली होती,
निळ्या शाईत, समास सोडून.
गिलादचा तो सरदार आणि त्याचा नवस:
जिंकून परतलो तर दारातून जे पहिल्यांदा सामोरं येईल
ते देवाचं.
दारातून आली ती डफ वाजवत, नाचत,
एकुलती एक.

सुभाषनगरात, चर्चच्या मागच्या खोलीत
अकरा बायका, दोन पुरुष, एक पंखा.
कातड्याचा वास इथे अंगालाच असतो,
त्यासाठी कुणी खिडकी लावत नाही.
मी म्हणालो, उतारा अवघड आहे, पण घाबरू नका.
मूळ भाषेत इथे जोडणारं एकच अक्षर आहे.
त्याचा अर्थ ‘आणि’ होतो,
काही जण म्हणतात, ‘किंवा’सुद्धा होतो.
फळ्यावर काढून दाखवलं:
उभी रेघ, वर जराशी वाकलेली मान.
‘आरीगत दिसतंय,’ रूथाक्का आवळे म्हणाल्या.
मांडीवर वादीची वेणी.
हात थांबत नाहीत त्यांचे, प्रार्थनेतही.

आरीसारखंच, मी खूश होऊन म्हणालो.
तर ‘आणि’ घेतलं, की मुलगी होमात गेली.
‘किंवा’ घेतलं, की वाचली.
जाळली नाही तिला, देवाला वाहिली फक्त.
लग्न नाही, लेकरू नाही,
जन्मभर त्याच्या दारात सेवा.
बघा, एका अक्षराने जीव वाचतो.
बायकांनी सुस्कारा सोडला.
मी पान उलटलं.

‘सोडली म्हणा की.’
काय?
‘देवाला सोडली. आमच्यात तसं म्हणायचे.’
वेणी थांबली होती.

‘माझी थोरली भण, कस्तुरा.
केसात जट आली. आजा म्हणाला, नवस हाय.
नऊ वर्सांची.
डोंगरावर नेऊन गळ्यात मणी बांधलं, लाल-पांढरं.
जाळली न्हाई तिला कुणी.
वाचलीच की ती.
एकोणतीस वर्सं वाचत हुती,
निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं.’
मग हळूच, जणू खोलीत कुणी झोपलंय:
‘पाळकसायेब, तुमचं ते किंवा
आमच्या घरात राहून गेलंय.’

वाचणं आपल्या भाषेत दोन आहेत,
हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

टिपणांत होतं: देवाला नरबळी चालतो का, उत्तर.
होतं: नवस मोडता आला असता का, उत्तर, दोन दाखल्यांसह.
मी कागद खालीवर करत राहिलो.
आठवलं ते कागदावर नव्हतं.
मी पाच महिन्यांचा, गोवर उतरेना,
मिरजेच्या दवाखान्याच्या पायरीवर बाबा बोलून गेले होते,
हा वाचला तर तुझा.
मलाही कुणी विचारलं नव्हतं.
पण मला कॉलेज मिळालं, राहायला बंगली,
लग्नाच्या पंगतीत पहिलं ताट.
मी मुलगा होतो.
हे मी तिथे बोललो नाही. इथेही उशिराच बोलतोय.

‘तिचं नाव काय हुतं?’
दिलेलं नाही.
‘बापाचं हाय?’
बापाचं आहे. बापाच्या बापाचंही.
‘मग लिवणारा बी बापांतलाच.’
मागून कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

शेवटची ओळ शेवंता लोखंडेने वाचली, बोट ठेवून ठेवून:
दरवर्षी चार दिवस मुली जायच्या
तिच्यासाठी रडायला.
त्या क्रियापदावरही वाद आहे.
मी सांगितला नाही.
‘चार दिस? दरवर्सी?’
हो.
रूथाक्का बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या.
‘म्हंजे त्या पोरींना ठावं हुतं,’ त्या म्हणाल्या,
‘तिचं काय झालं ते.’

वेळापत्रकात पुढच्या गुरुवारी पुढचा अध्याय होता.
वेळापत्रक मी खिशात घातलं, चार गुरुवार काढलंच नाही.
फडकं घेऊन फळ्यापाशी गेलो,
तर म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या ते.
वादीचं टोक दातात धरून ताणलं,
आणि पुढचा पेड घातला.