भांगाचे दिवस

मी वल्हं आडवं धरून होडी थोपवतो,
टेग्वेन दोरी सोडते.
दर मीटरला एक लाल चिंधी,
टोकाला बोटाएवढा यंत्राचा डोळा.

एक मीटर. नऊ पॉइंट चार.
ती आकडा म्हणते, मी वहीत लिहितो,
माझं अक्षर वाईट, पण तिचे हात ओले.
दोन मीटर. आठ.
इथवर टावे आहे, वेल्सच्या डोंगरातून आलेली,
गोडी, हलकी, घाईतली.

तीन मीटरवर तिचा आवाज उतरतो.
एक पॉइंट दोन.
चौथ्याला ती बोलतच नाही,
यंत्र माझ्याकडे वळवते.

गेल्या उधाणाला समुद्र बंधाऱ्यावरून आत आला,
पहाटे, चपला हातात घेतलेल्या माणसासारखा,
आणि जड म्हणून तळाशी बसला.
मग भांग लागला. भरती बुटकी झाली,
उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाऊ लागली.
आतल्या खाऱ्याची चौकशी करायला
आठ दिवस कोणी फिरकलं नाही.
वर गोड्याचं झाकण.
वारा येतो, झाकणावर नक्षी काढून जातो.
खाली पानं कुजतात,
आणि कुजण्याइतकं खादाड काही नाही:
आत आलेला सगळा श्वास
मंगळवारपर्यंत संपला.

बंधारा नव्हता तेव्हा
दिवसातून दोनदा चिखल उघडा पडायचा,
काळा, लकाकता, वास मारणारा.
वडील म्हणायचे, खाडी तोंड उघडं टाकून झोपते,
घोरू दे तिला.
आम्ही गुडघाभर रुतून
तळपायांनी लेपे चाचपायचो,
पायाखाली एकदम काहीतरी जिवंत हलायचं!

आता काठावर सहा मजली काच.
जाहिरातीत होतं: चोवीस तास पाणी समोर.
खोटं नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावरून मिसेस प्रॉथरो हात करतात.
मीही करतो.
त्यांनी मागे विचारलं होतं,
ती वाम पाण्याबाहेर नाक काढून
तासभर उभी का होती.
मी म्हणालो, ऊन घेत असेल.

शनिवारी पुन्हा उधाण.
सकाळी सातला समुद्र उंबरा ओलांडेल,
थोडा श्वास आणेल,
आणि बसून राहील.

“शेवटचा लिहिलास?”
शून्य पॉइंट तीन.
“नीट वाचता येईल असा लिही, एम्लिन.”
मी शून्य पुन्हा गिरवतो.
आज पहिल्यांदाच
माझं अक्षर गोल आलं आहे.