उसना पिवळा

वारा उठायच्या आत काम उरकायला हवं.
एस्केलला तो साडेदहाला उठतो,
सगळ्या पाटागोनियाची धूळ खिशात भरून येतो
आणि ओल्या रंगावर झटकतो.
म्हणून सहालाच गॅरेजचं दार ओढून घेतलंय.
मातेचा भोपळा बॉनेटपासून लांब, खिडकीत.

दोन बादल्या. एक साबणाची, एक नुसती.
फडका गाडीवरून आला की आधी नुसत्यात पिळायचा,
नाहीतर तिचीच घाण आपण पुन्हा तिला चोळतो.
मग मातीची वडी, पाणी मारत, बोटांनी हलकेच.
पत्रा आधी मांजराच्या जिभेसारखा लागतो,
हळूहळू काचेसारखा.

रेनो बारा. निळी. निळी म्हणजे,
ग्विलिमच्या दुकानात मी कोड दिला तर तो म्हणाला,
"हा कोड गाडी नवी होती तेव्हाचा.
मधल्या बेचाळीस उन्हाळ्यांचा कंपनी देत नाही."
आणि पांढऱ्याचे दोन थेंब टाकले,
डोळा बारीक करून,
रश्शात मीठ टाकावं तसे अंदाजाने.

पुढचे टवके खड्यांचे.
चाळीस नंबरचा रस्ता कोणाला फुकट जाऊ देत नाही.
गंज दातकोरण्याने खरवडला, स्पिरिटने पुसला,
एकेका खळीत एकेक ठिपका ठेवला.
ठेवायचा, फासायचा नाही.
नगरपालिकेत एकतीस वर्षं टायपिंग केलं मी.
चुकलेलं अक्षर पांढऱ्या थेंबाने बुजवायचं
आणि वाळेपर्यंत दम धरायचा, हे हाताला ठाऊक आहे.
घाई केली की खालचं अक्षर वर येतं.

मागच्या डाव्या दारावरचा ओरखडा मात्र वेगळा.
हातभर लांब, सरळ, गुडघ्याच्या उंचीवर.
"खडे उडाले गं," हेर्मेलिंदो म्हणाला होता.
माझा भाऊ. दर गुरुवारी गाडी नेतो,
नदीवर ट्राउट धरायला.
घरी मासा एकदाही आला नाही.
मला वाटलं, हात थकले असतील, किंवा मासे शहाणे झाले.
खडे असे ओळीने उडत नाहीत,
हे तेव्हाही मनात आलं होतं.

दोन हजार नंबरचा पेपर भिजवून
टेकवणार, तेवढ्यात दिवा तिरका झाला
आणि ओरखड्यात पिवळं दिसलं.
आमचा रंग गेला नव्हता.
दुसऱ्याचा आला होता.

हा पिवळा माझ्या ओळखीचा.
वीस डबे, रस्त्याचा, जाड:
निविदा मीच टाइप केली होती, तीन प्रतींत.
अठरा गेले शाळेसमोरच्या पट्ट्यांना.
दोन उरले, ते इस्पितळाच्या मागच्या फाटकाला,
आतल्या आखूड खांबाला,
जिथे सर्दीपडशाची माणसं जात नाहीत.

पेपर बादलीत सोडला.
फडक्यावर थोडं रॉकेल घेतलं.
पिवळा मुकाट निघून आला,
हळदीच्या बोटाएवढा.
खाली निळा जवळजवळ शाबूत.
फडक्याची घडी घातली, पिवळं आत ठेवून.
पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.
मग पॉलिश फिरवलं, गोल, गोल,
गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.
बाहेर पत्रे वाजू लागले.

संध्याकाळी तो आला.
हात मागे बांधून दाराशी वाकला.
"दिसतही नाही गं!"
"बॉनेटला टेकू नकोस, रंग ओला आहे."
जाकीट त्याला मोठं होत होतं. कधीपासून, कोण जाणे.
माते दिली, ती त्याने अर्धी ठेवली.

किल्ली देताना एवढंच म्हणाले,
"टाकी भरलीये. आणि तो खांब
वळताना डावीकडे येतो.
मी येऊ का, शेजारी बसून बघायला?"

किल्लीचं कडं तो बोटावर फिरवत राहिला.
एकदा, दोनदा. दाराकडे बघत.
"सातला निघावं लागतं," म्हणाला.