साडेतीन फेरे

आकाश खाली असतं, गवत वर.
गुडघ्यांच्या मधून दिसतो
पंधरा यार्डांवर उलटा लटकलेला डेल्बर्ट,
हात पुढे करून.
ऑगस्टपासून एवढंच माझं जग.

मला हे शिकवलं मिसेस ह्रुश्का यांनी.
शाळेची पिवळी बस चालवतात त्या.
भाऊ फेकायचा आणि त्या झेलायच्या, तेव्हाच कधीतरी
उजवी करंगळी मोडली,
वाकडी बसली ती बसलीच.
त्याच हाताने दाखवलं:
शिवण उजव्यात धर. डावा नुसता ठेव,
झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.
जोर दंडात नसतो, कमरेत असतो.
सोडल्यावर अंगठे बाहेर.
बाहेर म्हटलं ना!

गॅरेजमागे झोक्याच्या खांबाला टायर टांगला.
चेंडू शेजारच्या मक्यात गेला,
आजोबांच्या पिकअपच्या काचेवर गेला,
एकदा माझ्याच पोटरीवर बसला.
टायरमधून तेवढा गेला नाही.
ऑक्टोबरात मका कापला,
चेंडू शोधणं सोपं झालं.

लांबचं जमलं, तर जवळचं नडलं.
सात यार्डांवर एझ्रा गुडघा टेकून बसतो.
त्याच्या हातात चेंडू पोचेल तेव्हा
शिवण गोलपोस्टकडे हवी.
म्हणजे हवेत फेरे साडेतीन.
तीन नाही, चार नाही.
अर्धा चुकला की टाके किकरच्या बुटासमोर,
मग चेंडू कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

झोपेत मनगट वळायचं.
आई म्हणायची, मीठ तरी सरळ दे.

मॅचच्या कागदावर माझं नाव चुकीचं छापतात.
चुकलो, तर बरोबर छापतील.

शेवटचा शुक्रवार. अकरा सेकंद, दोन गुणांनी मागे,
वारा धान्याच्या कोठारांकडून.
वाकलो. एझ्राची बोटं उघडली.
सोडला.
पुढचं मला माहीत नाही,
कारण मान वर करायच्या आत
समोरचा एकशेतीस किलोंचा पोरगा अंगावर आला
आणि तोंडात माती.
आमच्या बाजूचा बँड वाजायला हवा होता.
वाजला त्यांचा.

बसमध्ये कुणी बोललं नाही.
थॅडियस टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.
माझं अर्धं सँडविच त्याच्या मांडीवर ठेवलं,
ते तसंच राहिलं.
काच थंड होती. बाहेर नुसती कापलेली शेतं,
अंधारात मैलोगणती तीच.

आरशात मिसेस ह्रुश्कांचे डोळे मला शोधत होते.
सापडल्यावर त्यांनी स्टिअरिंगवरून
उजवा हात उचलला, अंगठा मिटून.
तीन बोटं ताठ,
चौथं अर्धं.

मग हात खाली घेतला,
पुढे रेल्वेचं फाटक होतं.