पुलाजवळचा थांबा

चौदाच्या ऑगस्टात कंडक्टर युझेफ गेला,
टोपी खुंटीला अडकवून.
नाताळापर्यंत येतो म्हणाला.
दोन नाताळ टोपी खुंटीवरच होती.
मग इन्स्पेक्टरने ती काढली, झटकली,
माझ्या डोक्यावर ठेवली.
अक्षरशः डोईजड.
आत वर्तमानपत्राची घडी कोंबली
तेव्हा कुठे ती कानांवर टेकली.
घडीत गॅलिशियात पडलेल्यांची यादी होती.
मी उलगडली नाही.

ओतिल्या व्हालिचेक, वय एकोणीस,
अनुभव: बटाटे सोलणे.
आता गळ्यात चामड्याची पिशवी, हातात घंटेची दोरी,
आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा.

स्टेशनापासून बाजारचौकापर्यंत,
मध्ये पूल, पुलाखाली ओल्झा,
सगळं मिळून दहा मिनिटांचं जग.
पोलिश, जर्मन, चेक,
ज्या भाषेत नाणं यायचं
त्याच भाषेत सुटे परत द्यायचे.
हिशेब एकच होता.

फ्राऊ लांगर पहिल्या दिवशी उतरूनच गेल्या.
बाईमाणूस, गणवेशात, आणि वर घंटा वाजवते!
त्याच हिवाळ्यात शलगमाच्या पावाच्या रांगेत
त्या माझ्या मागे उभ्या होत्या, पोटाला चिमटा घेऊन.
कानाशी आल्या, हळूच म्हणाल्या,
तुमच्यात अजून एखादी जागा आहे का हो,
सुनेसाठी?

रात्री दिवे मालवून आम्ही जखमी नेत असू
स्टेशनातून टेकडीवरच्या इस्पितळात.
त्यांना भाडं माफ होतं.
एकाने मात्र हट्टाने तिकीट काढलं,
म्हणाला, पाय अर्धे असले
तरी भाडं पुरं देईन.
मी चिमटा दाबला.
इतक्या लहान भोकाचा
इतका मोठा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

राज्य बुडालं ते मला बटणांवरून कळलं.
एका सकाळी हुकूम आला, गरुड काढा.
शिंपिणीकडे रांग लागली,
दोन डोक्यांचा पक्षी कोटाकोटांवरून
कात्रीने खाली उतरत होता.
त्याच महिन्यात युझेफही उतरला, मालगाडीतून,
फुप्फुसात विषारी धूर घेऊन.
माझ्याकडे न बघता म्हणाला, टोपी.

इन्स्पेक्टरने समजावलं,
देशाला आता बायका घरात हव्यात.
मी विचारलं, कुठल्या देशाला?
मला टोमणा मारायचा नव्हता.
त्यालाही खरंच ठाऊक नव्हतं,
त्या वर्षी कुणालाच नव्हतं.
भिंतीवर दर आठवड्याला नवं पत्रक,
खाली जुन्याची खळ.

मग दूर कुठेतरी एका टेबलाशी
ओल्झा कधी न पाहिलेल्या साहेबांनी
ओल्झावरून बोट फिरवलं.
स्टेशन तिकडे गेलं, बाजारचौक इकडे राहिला.
आईचं थडगं इकडे,
ते खणणारा तिकडे.
बहिणीने तिकडून हाक मारली
तर मला ऐकू यायची,
उत्तर द्यायला मात्र परवाना लागायचा.

ट्राम दोन देशांत कशी चालणार?
रूळ उखडले, तारा गुंडाळल्या,
डबे विकले.
युझेफ टोपी घेऊन माझ्या दारात आला.
खोकला, बराच वेळ खोकला.
घडी अजून आतच होती.
यादीत त्याच्या भावाचं नाव होतं
हे त्याने तेव्हा सांगितलं.
मी सूप वाढलं. त्याने टोपी नेली नाही.

चिमटा मी परत केलाच नव्हता.
चोरी म्हणा हवं तर.

परवा पुलावर नवा पहारेकरी,
मिसरूड फुटायचं होतं अजून.
विचारतो, तू कुठली?
मी म्हटलं, पुलाजवळचा थांबा.
त्याने वही उघडली,
बोट खाली, आणखी खाली नेत
प्रामाणिकपणे शोधत राहिला.
मागे लोक खोळंबले.
माझा हात आपोआप वर गेला,
दोरी शोधत.