शब्द

खोली क्रमांक तीनमध्ये माझं काम एवढंच: नावं झाकणं.
काळ्या पट्टीखाली नाव, आडनाव, गाव, जन्मसाल,
कुणाची सून, कुणाचा भाचा,
कुठल्या चर्चच्या कितव्या बाकावरचा,
सगळं जातं.
मागे उरतो अनुभव, आणि
'या मंडळावर आपणच का?'
याचं अडीचशे शब्दांतलं उत्तर.

सेंट जॉन्समधला मार्च. खिडकीत ओला करडा रंग.
हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतो.

बाप सांगायचा, पूर्वी हे सगळं एका फोनवर व्हायचं.
सायलसकाकानं चार निवडणुका पक्षाच्या खुर्च्या वाहिल्या,
आणि मासळी-तपासणी मंडळावर त्याची वर्णी लागली.
काकाला मासे सोसत नसत. अंगावर गांधी उठत.
बैठकीत तो खिडकीपाशी बसे,
भत्त्याच्या कागदावर सही करी,
आणि येताना आम्हा पोरांना मंडळाच्या पेन्सिली आणी.
त्या पेन्सिलींनी मी अक्षरं गिरवली.
नोकरीच्या मुलाखतीत हे मी सांगितलं नव्हतं.

आज फेरीबोट मंडळ. जागा दोन, अर्ज एकसष्ट.
मागच्या मंडळात नुसती खोगीरभरती होती,
एकही जण बोटीनं येत नसे.

अर्ज चव्वेचाळीस. निळं बॉलपेन,
ओळी उजवीकडे वर वर चढत गेलेल्या.
शिक्षण: आठवी.
अनुभव: 'बोट चुकली की कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवते.
एकतीस वर्षांची आहेत. का चुकली तेही.
वारा. इंजिन. कप्तानाची मुलगी बाळंत. स्लॉब.
अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत नऊ दिवस बोट नाही.
एका घरी इन्सुलिन संपलं. कुणाच्या, ते लिहीत नाही.'

मी पट्टी ओढली. नाव गेलं.
पण ती कॅलेंडरं गेली नाहीत.
चुलीमागच्या खिळ्याला टांगलेली, तेलकट कडांची;
त्यांच्याखाली बसून मी
कॉडच्या तळलेल्या जिभा खाल्ल्या आहेत.
ते इन्सुलिन माझ्या आईचं होतं.

नियम सात: ओळख असेल तर सांगा, आणि उठा.
सांगितलं. उठलो.
ग्वेन हिस्कॉकनं वहीत वेळ टिपली, दहा बावीस,
आणि दार लोटलं.

बाहेर थंड पेयांचं मशीन एकटंच गुणगुणत होतं.
आठवीला किती गुण? कॅलेंडरांना कुठला रकाना?
मी नाणी मोजली. दोनदा.

दार किलकिलं झालं. डेव्हन, टोरांटोहून आलेला,
हुशार पोरगा, बाहेरचा, म्हणूनच तर घेतलेला.
'हे स्लॉब काय असतं? आम्हाला वाटतंय,
बाई कप्तानाला गबाळा म्हणतेय.'

समुद्राची लापशी असते ती, डेव्हन.
धड पाणी नाही, धड बर्फ नाही.
बोट रुतते, माणूस बुडतो,
आणि पलीकडचा दिवा दिसत राहतो रात्रभर.

हे मी मनात म्हणालो.
आमच्या घराण्याचं सगळं शब्द टाकण्यावर चाललं.
इथे एक शब्द, खराच एक,
दारात येऊन माझ्याकडे मागत होता कुणी.
'मी बाहेर आहे,' मी म्हणालो.
तो ओशाळला. दार बंद.

नंतर आत काहीतरी कुरकुरलं.
कपाटाच्या खालच्या कप्प्यात इथल्या बोलीचा जाड शब्दकोश आहे.
हीटरही असेल.

तीन नावं मंत्र्यांकडे जातील.
ते निवडतील, किंवा चौथंच आणतील,
तेवढी फट कायद्यात ठेवलेली आहे.

रविवारी डॉर्कस पेलीचा फोन आला.
तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
आईच्या थडग्यावरचं बर्फ काढल्याचं म्हणाली,
मग म्हणाली, बोट आज चाळीस मिनिटं उशिरा,
कारण कुणी सांगेना,
जागा मोकळी ठेवलीय.